पाचवी नोट

कोणी माझ्या हातात नोट ठेवली, की माझा अंगठा आपोआप तिच्या कडेवर जातो. भाजीवाल्यासमोर, रिक्षात, लग्नातल्या आहेराचं पाकीट भरतानासुद्धा. कडेच्या त्या उठावाच्या तिरक्या रेघा अंगठ्याला लागल्या की मगच नोट पर्समध्ये जाते. नवरा म्हणतो, "अगं, समोरचा माणूस बघतोय, त्याला काय वाटेल?" वाटू दे. ही खोड माझी नाही, आबांची आहे. आबा गेले त्याला दोन उन्हाळे झाले, पण खोड माझ्या हातात ठेवून गेले. मला ती नको आहे. अंगठा काही कापून टाकता येत नाही.

आबा आमच्या बँकेच्या शाखेचे हेड कॅशियर होते. शाखा सातपुड्याच्या पायथ्याच्या एका बाजारगावात. शहाद्याहून तोरणमाळच्या रस्त्याला लागलं, की डोंगर अंगावर यायच्या आधी अशी दोनतीन गावं लागतात, त्यातलंच एक. नाव सांगत नाही. तिथल्या काही लोकांना ही गोष्ट अजून दुखते, आणि मलाही.

त्या गावातल्या बाजारात आज कोणालाही आबांबद्दल विचारलं, तर तो म्हणेल, "दहाना शिक्कावाला येडा ना?" निवृत्त झाल्यावर आबा दर मंगळवारी बाजाराच्या तोंडाशी, बंद पडलेल्या वजनकाट्याच्या ओट्यावर, पुढ्यात गोणपाट अंथरून बसायचे. शिक्का म्हणजे नाणं. दहाचं नाणं आमच्या भागात कोणी घेत नाही. कोणीतरी कधीतरी उठवून दिलं, की पंधरा रेघांचं नाणं खोटं आणि दहा रेघांचं खरं. मग रेघा मोजायचा कंटाळा आला म्हणून लोकांनी सरसकट सगळ्यांनाच खोटं ठरवलं. तेच नाणं नवापूरच्या पलीकडे, गुजरातमध्ये, बिनबोभाट चालतं. आबा ओट्यावर बसून डोंगरातल्या लोकांकडून ही नाणी घ्यायचे आणि दहाला दहा असा हिशेब करून नोटा द्यायचे. बाजारातले व्यापारीही घ्यायचे, पण दहाला आठ देऊन. जमलेली नाणी टेम्पोत टाकून सीमेपार पाठवली की तिकडे पुन्हा दहाची दहा. त्यामुळे आबा त्यांच्या डोळ्यांत कुसळासारखे सलायचे.

एकदा मी त्यांच्यासोबत होते. मीठवाल्याच्या दुकानात त्यांनी मिठाची पिशवी घेतली आणि पुढ्यात दहाचं नाणं ठेवलं.

"आबा, हाऊ शिक्का आठे चालस नही," व्यापारी म्हणाला.

"मंग कोठे चालस?"

"गुजरातमा. सुरतमा, बारडोलीमा."

"नवापूरना पुढे सरकार बदलस का?"

"सरकार नही बदलस आबा, गिऱ्हाईक बदलस. मी लिधा, तं मन्हापासून कोन ली?"

"मी ली."

"तुम्ही एकला कितला लेशात?"

आबा मिठाची पिशवी मांडीवर घेऊन दुकानाच्या पायरीवर बसले. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचे, "थांब भाऊ, मन्हा सौदा चालू शे." तास झाला, दोन तास झाले. ऊन पायरीवर आलं, तरी हलले नाहीत. शेवटी व्यापाऱ्यानं कपाळाला हात लावून ते नाणं गल्ल्यात टाकलं. आबा उठले आणि म्हणाले, "सरकारनी छापं, त्याले नही म्हननारा तू कोन?" मग मला म्हणाले, "चाल पोरी." मला हसू येत होतं आणि लाजही वाटत होती. सगळा बाजार बघत होता.

'चालत नाही' या शब्दाची त्यांना चीड होती. पण हे वेड जन्माचं नव्हतं. बँकेतले आबा अगदी निराळे होते, आणि मी जीव लावला तो त्या आबांना.

मी नवी कारकून म्हणून रुजू झाले, तेव्हा त्यांच्या निवृत्तीला तीन वर्षं राहिली होती. तापीकाठच्या गुजर शेतकऱ्याचं घर, केळीची बाग भावांकडे, आणि हे एकटे नोकरीत. उंच, वाकलेले, दोन्ही खांदे पुढे आलेले. कॅशच्या पिंजऱ्यात बसून बसून पिंजऱ्याचाच आकार घेतलेला. दुपारी एक वाजता पाठ फिरवून भाकरी आणि मिरचीचा ठेचा खायचे, आणि नंतर लिंबाच्या सालीनं बोटं घासायचे. नोटांना तिखट लागलं तर पुढच्या माणसाच्या डोळ्यात जाईल, असं त्यांचं म्हणणं. मी पहिल्याच आठवड्यात विचारलं, "आबा, नोट कोणी डोळ्याला लावतं का?" म्हणाले, "पह्यला पगार भेटना का लावतस. तू लावनी नही का?" मी लावली होती.

बँकेबाहेर आबा पैशाला हात लावायचे नाहीत. पाकीट बाळगायचे नाहीत. भाजी, किराणा, बसचं तिकीट, सगळं त्यांची बायको, आमच्या काकू, बघायच्या. "दिवसभर दुसरासना पैसाले हात लावस, घर जाईसन मन्हा पैसाले काय लावू?" दाढी करायला गेले तरी न्हावी नंतर घरी येऊन काकूंकडून पैसे घ्यायचा. आख्ख्या गावाला हे माहीत होतं, आणि कोणाला त्यात वावगं वाटत नव्हतं.

चुरगळलेली नोट आली की तिला ते 'आजारी' म्हणायचे. तिच्यासाठी त्यांच्याकडे पितळेचा एक लोटा होता. त्यात चहावाल्याकडचं कढत पाणी भरायचे आणि लोट्याच्या बुडानं नोट दाबून दाबून सरळ करायचे. रांगेतली माणसं कावायची. आबांना त्याचं काही नाही. गड्डीतल्या सगळ्या नोटांची डोकी एका बाजूला हवीत, घडी नको, टाचणी नको, रबर नको. ज्याची गड्डी नीट नसेल त्याला सगळ्यांदेखत परत पाठवायचे. मॅनेजरलासुद्धा एकदा पाठवलं होतं.

आणि खोटी नोट. तिला ते 'पाव्हनी' म्हणायचे. मोजता मोजता अंगठा थांबायचा, डोळे मिटायचे, नोट कानाशी नेऊन एकदा फडकवायचे आणि हळू म्हणायचे, "पाव्हनी उनी," पाहुणी आली. माझ्या देखत एकदाही चुकले नाहीत. दिव्याखाली धरून बघायचे ते फक्त समोरच्या माणसाची खात्री पटावी म्हणून. मग नोटेवर शिक्का, वहीत नोंद, माणसाला पावती. खोट्या नोटेचे पैसे मिळत नाहीत, नोटही परत मिळत नाही. बायका रडायच्या, पुरुष भांडायचे. आबा खाली मान घालून पावती लिहायचे.

मला त्यांनीच शिकवलं. मी म्हटलं, "आबा, खोटी कशी असते ते दाखवा ना." म्हणाले, "खोटी मी तुले शिकाडाव नही. खरी शिकाडसू. खरी हातमा बसनी, का खोटी आपोआप परकी लागस." तीन महिने रोज सकाळी काउंटर उघडण्याआधी डोळे मिटून खऱ्या नोटा चाचपायच्या, एवढंच. पाचशेची, दोनशेची, शंभराची. चौथ्या महिन्यात पहिली पाव्हनी माझ्या अंगठ्याला लागली. आबांनी त्या दिवशी स्वतःच्या डब्यातला ठेचा मला दिला. नोकरीत मला पुढे बढत्या मिळाल्या, पण त्या ठेच्याची सर कशाला नाही.

नियम त्यांनी मला पाढ्यासारखा पाठ करून घेतला होता. "चारलोंग पावती, पाचले पोलीस." एका माणसानं एका वेळी भरलेल्या पैशांत चारपर्यंत खोट्या निघाल्या, तर पावती देऊन मोकळं करायचं. महिन्याच्या शेवटी पोलिसांना एकत्रित कळवलं की झालं. पाच निघाल्या तर तिथल्या तिथे तक्रार. माणूस कोण, कुठला, कसा, हे बँकेनं बघायचं नाही.

आता दित्याबद्दल सांगते.

दित्या वरच्या एका पाड्यावरचा पावरा आदिवासी. वय पस्तीसच्या आसपास, अंगानं काटक, हसला की हिरड्या दिसायच्या. त्यांच्या पाड्यावर अकरा घरं. दिवाळी झाली की सगळे गुजरातेत ऊसतोडीला जायचे आणि होळीला परत यायचे. पाड्याच्या वरच्या अंगाला एक बारमाही झरा आहे, पण बायका पाण्याला खाली दरीत उतरतात, कारण वरचा कडा चढून हंडा आणता येत नाही. झऱ्यापासून पाड्यापर्यंत पाइप टाकायचा असं अकरा घरांनी ठरवलं. दर होळीला प्रत्येक घरानं ऊसतोडीच्या पैशांतून जमेल तेवढं काढायचं आणि दित्यानं खाली येऊन बँकेत भरायचं. खातं दित्याच्या नावावर. सही येणारा तो एकटाच होता, आणि त्याच्या शब्दावर अकरा घरांचा भरवसा होता.

पहिल्या वर्षी तो आला तो अकरा गाठी घेऊन. प्रत्येक घराचे पैसे वेगळ्या चिंधीत बांधलेले, आणि प्रत्येक गाठीत एकेका धान्याचे चार दाणे. एकीत भगर, एकीत उडीद, एकीत तूर. ज्यांना लिहिता वाचता येत नाही, त्यांचं दाणा हेच नाव. दित्याच्या घराचा मका होता. मला ते फार आवडलं. आबांना अजिबात नाही. अकरा चिंध्या, त्यातल्या नोटा घामट, पिळलेल्या, सगळ्या आजारी. त्यात भगरीचा एक दाणा नोटेला चिकटून मोजायच्या मशीनमध्ये गेला आणि मशीन कण्हत बंद पडलं. दुरुस्तीनंतरही ते फक्त मोजायचं. खोटी नोट ओळखणारा त्याचा डोळा गेला तो गेलाच.

आबा दित्यावर इतके तापले की मलाच त्याची कीव आली. "हाई बँक शे का कनगी? गाठी आठे आनू नको. घरच सोड, नोटा सरळ कर, डोकं एक आंगे, एक गड्डी. दाना नही जोयजे." मग त्यांचाच जीव हळवा झाला. त्यांनी त्याला आत बोलावलं, लोटा दाखवला, नोटा कशा दाबायच्या ते शिकवलं, स्लिप कशी भरायची तेही शिकवलं. तासभर गेला. दित्या मन लावून बघत होता.

पुढच्या होळीला, भोंगऱ्याच्या, म्हणजे होळीच्या मोठ्या बाजाराआधी, दित्या आला. अंगात धुतलेला सदरा. त्यानं पिशवीतून गड्डी काढली आणि दोन्ही हातांनी आबांसमोर ठेवली. पाचशेच्या साठ नोटा, एकाही नोटेला घडी नाही, सगळ्यांची डोकी एका बाजूला. लोट्यानं दाबल्या होत्या. स्लिप स्वतः भरलेली.

"देखा आबा," तो म्हणाला, "एक बी दाना नही!"

आबा हसले. मी त्यांना गिऱ्हाइकासमोर हसताना तेव्हा एकदाच पाहिलं. त्यांनी गड्डी घेतली आणि हातानं मोजायला सुरुवात केली. सातव्या-आठव्या नोटेवर अंगठा थांबला. डोळे मिटले. "पाव्हनी," ते पुटपुटले. नोट बाजूला, वहीखाली. थोड्या वेळानं दुसरी. मग तिसरी. दित्या अजून हसत होता, त्याला कळत नव्हतं. चौथी बाजूला ठेवताना आबांचा चेहरा राखेसारखा झाला. पुढच्या नोटा त्यांनी भराभर मोजल्या आणि उरलेली गड्डी माझ्याकडे सरकवली, मशीनमध्ये घालायला. माझ्याकडे पाहिलं नाही.

मी गड्डी हातात घेतली आणि कडेवरून अंगठा फिरवला. मला गरज नव्हती. आबांनी पाहिलेली गड्डी पुन्हा चाचपायचं मला काही कारण नव्हतं. पण हातात नवी विद्या आली की ती कुठे दाखवू आणि कुठे नको असं होतं. मधेच एक नोट परकी लागली. आबांच्या हातून निसटलेली नोट मी पकडली, याचा मला इतका आनंद झाला की मी जवळजवळ ओरडलेच.

"आबा, ही पण! पाचवी राहिली होती!"

मॅनेजर मागे चहाचा कप घेऊन उभे होते.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पण अवलक्षण माझं झालं नाही, दित्याचं झालं.

आबांनी पुष्कळ समजावलं. हा पैसा अकरा घरांचा आहे, एकेका घरात एखादी खोटी आली असेल, ऊसतोडीच्या मुकादमानं कोणाकोणाला दिली असेल. मॅनेजर वाईट नव्हते, नियमाला भिणारे होते. म्हणाले, "पुरावा काय आहे? स्लिप एक, गड्डी एक, सही एक. उद्या माझ्यावर येईल."

आबा दित्याकडे वळले. "गाठी कोठे शेत रे?"

"सोडी टाक्यात. तुम्हीच सांगं व्हतं ना."

"आनि दाना?"

"कोंबड्यासले टाकी दिधात," दित्या म्हणाला. आपण सगळं बरोबर केलं आहे, असाच त्याचा चेहरा होता.

गाठी असत्या तर अकरा माणसांच्या अकरा स्लिपा झाल्या असत्या आणि पाच घरांना पाच पावत्या देऊन विषय मिटला असता. आबांनी पिंजऱ्याची जाळी धरली आणि उभेच राहिले. पोलीस येईपर्यंत दित्या बाकावर बसला होता. आबांनी त्याला स्वतःचा डबा दिला. त्यानं भाकरी खाल्ली आणि विचारलं, "आबा, पाइपना पैसा भराई गया ना?"

पोलिसांनी खोट्या नोटा कोणी शोधल्या, याचा जबाब घेतला. आबांनी पाचही नोटा स्वतः शोधल्या असं लिहून दिलं. मी तोंड उघडलं तेव्हा त्यांनी फक्त हात वर केला. मी गप्प बसले. त्या दिवशी गप्प बसले ती आजपर्यंत गप्पच आहे. मी भित्री आहे, दुसरं काय म्हणू.

जामीन मिळायला पावसाळा उलटला. जामीन राहायला ज्याच्या नावावर जमीन आहे असा माणूस लागतो, आणि त्या पाड्यावरची सगळी जमीन जंगलखात्याची. आबांनी भावांचे पाय धरले. भाऊ म्हणाले, "नोटांच्या भानगडीत आम्ही नाही." शेवटी काकूंच्या माहेरचा एक माणूस उभा राहिला.

दित्या घरी गेला तर तिथे पंच बसले. अकराही घरांनी सांगितलं, आमच्या नोटा खऱ्या होत्या. कोणाची खोटी होती हे कोणालाच ठाऊक नव्हतं, आणि सांगायला दाणे उरले नव्हते. मग खोट्या आल्या कुठून? गाठी सोडल्या कोणी? दित्यानं भांडण नको म्हणून दोन बोकड विकले आणि पाच नोटांचे पैसे भरून दिले. त्यानं भरले म्हणजे त्यानंच बदलल्या, असं लोकांनी धरलं. पुढच्या होळीला कोणी पाइपासाठी पैसे दिले नाहीत. खात्यातले होते ते काढून वाटून घेतले. बायका अजून दरीत उतरतात. दित्या ऊसतोडीला गेला तो होळीला परत आला नाही. तारखेला कोर्टात येतो, हजेरी देतो, आणि पाड्यावर न जाता तसाच गुजरातेत परत जातो.

त्या प्रकारानंतर डोंगरात एक गोष्ट पसरली, की कागद माणसाला जेलमध्ये नेतो. लोक मुकादमाकडे नोटा मागेनात. "कागद नको, वाजणारं द्या" म्हणायला लागले. गुजरातेत दहाची नाणी मुबलक. मुकादमांना तर बरंच झालं, त्यांनी थैल्याच्या थैल्या दिल्या. माणसं ती नाणी कमरेला बांधून, खांद्यावर वाहून होळीला घरी आणायची, आणि खाली बाजारात आली की ऐकायची, चालत नाही. आगीतून निघून फुफाट्यात. आबा नोकरीत होते तोवर बँकेत नाणी घेत. एकेक हातानं मोजत. ते निवृत्त झाल्यावर काउंटरवरून "तिजोरीत जागा नाही, पुढच्या आठवड्यात या" असं उत्तर मिळायला लागलं. तेव्हा तो जन्मभर बाजारात पैशाला हात न लावलेला माणूस पेन्शनच्या नोटा पिशवीत घालून वजनकाट्याच्या ओट्यावर जाऊन बसला.

निवृत्तीच्या दिवशी हार-नारळ झाल्यावर सगळे चहाला गेले. आबा लोटा पिशवीत घालत होते. मी जवळ गेले. इतके दिवस जे विचारायचं होतं ते मी विचारलं नाही. त्यांनी आपणहूनच सांगितलं.

"त्या रोज मन्हा अंगठा चुकेल नव्हता, पोरी."

एवढंच म्हणाले आणि लोटा पिशवीत ठेवला. मला सगळं आधीच कळलेलं होतं. पाचवी जाणूनबुजून सोडून जन्मात एक नियम मोडायला निघाले होते. माझ्यावर ते रागावले असते तर बरं झालं असतं, मी भांडले तरी असते.

माझी बदली धुळ्याला झाली. आबा वारले त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात मी कामानिमित्त शहाद्याला गेले होते. मंगळवार होता म्हणून मुद्दाम पुढे गेले. आबा ओट्यावर होते, खूप वाळलेले. साखरेच्या आजारानं हातापायांची बोटं बधिर झाली होती. "चटका बसना तरी समजस नही आते," म्हणाले आणि हसले. घरी खाटेखाली नाण्यांचे डबे साठले होते. पोरं बोलत नाहीत, काकू बोलतात पण तेवढ्यापुरतं, असं सांगत होते.

तेवढ्यात एक बाई आली. चाळिशीची, हातात चांदीचे जाड वाळे, डोक्यावर भारा ठेवून ठेवून ताठ झालेली मान. तिनं पदराची गाठ सोडली आणि गोणपाटावर पन्नास नाणी ओतली. त्यांच्यासोबत मक्याचे चार दाणे पडले. आबांनी दाणे वेचून बाजूला ठेवले. मका म्हणजे दित्याचं घर, ही त्याची बायको, हे मला सांगायची गरज नव्हती. दित्या हल्ली येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या हाती अशी नाणी पाठवतो. नोट पाठवत नाही.

आबांनी नाणी मोजली आणि पिशवीतून शंभराच्या पाच नोटा काढल्या. तिनं हात पुढे केला नाही. दर वेळी ती अशीच थांबत असणार, कारण आबा लगेच म्हणाले, "देखी दू का?"

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तिनंही पाहिलं. "हाई बाई कोन शे?"

"मन्ही शिकाडेल पोर शे," आबा म्हणाले. "इना हात मन्हापेक्षा चांगला शे."

त्यांनी हे कौतुकानं म्हटलं की कसं, मला अजून ठरवता आलेलं नाही. त्यांनी नोटा माझ्या हातात दिल्या. मी एकेकीच्या कडेवरून अंगठा फिरवला. एक, दोन, तीन, चार. पाचवीवर मी जरा जास्तच थांबले. तिरक्या रेघा अंगठ्याखाली स्वच्छ लागत होत्या. इतकी खरी नोट मी जन्मात चाचपली नसेल.

"पाचीबी खऱ्या शेत," मी म्हटलं.

तिनं नोटा माझ्या हातातून घेतल्या, उलटसुलट केल्या आणि आबांपुढे धरल्या.

"आबा, तुम्ही देखा."

आबांनी तो बधिर अंगठा पाचही नोटांच्या कडांवरून हळूहळू फिरवला. एकेक नोट कानाशी नेऊन फडकवली. "खऱ्या शेत, माय," ते म्हणाले. तेव्हा तिनं नोटा पदरात ठेवल्या, गोणपाटावरचे मक्याचे दाणे उचलून त्यात टाकले आणि गाठ मारली.

बँकेत पाचवी नोट मी खोटी म्हटली, त्या दिवशी मात्र कोणी दुसऱ्याला विचारलं नव्हतं.